विमानखान्यातील टोपीची ओळख

श्रीखंडेराय लिहिणाऱ्याचा हात नीट चालवोत. शके अठराशे चौऱ्याऐंशी, शुभकृत् नाम संवत्सरे, आश्विन शुद्ध दशमी, ते दिवशी सुभानराव काळभोर, दारोगा विमानखाना, यांस मिळावयाचे ते येणेप्रमाणे : काम फत्ते जाहले तर दारोगाई तहहयात, सरकारचे हातचा पहिला विडा, आणि मेहुण्यावर जन्माची कुरघोडी. काम फसले तर दारोगाई त्याच मेहुण्यास द्यावी, ऐसे सरकारांनी भर सदरेत बोलून ठेविले होते.

दौलतीची चाल ऐसी की, दसऱ्यास थोरल्या सरकारांचे चिमणे विमान माळावरून आधी उडावे आणि मग पालखीने सीमोल्लंघन करावे. विमान हातभर, इंजिन अंगठ्याएवढे, आणि इंजिनाचे माथ्यावर आट्यांनी बसणारी टोपी, जीस ग्लो हेड म्हणत. टोपीचे पोटी वाटी, आणि वाटीत केसाहून बारीक तारेचे वेटोळे. सेल लाविला की ते लाल व्हावे आणि इंधनाने पेट घ्यावा. नवमीस चाचणी घेता ते वेटोळे जळाले. टोपी घडविणारे कारागीर कधीच निवर्तले, नवी मिळावयाची नाही. मग दशमीस माळावर, सरकारांसमक्ष, विमानखान्याचा पत्र्याचा डबा उपडा केला आणि तीन जुन्या टोप्या निघाल्या. तिहींचा तोंडवळा एक, पाच पाच कंगोरे, छापनिशाणी पुसलेली.

मेहुणे निंबाजीराव धायगुडे विमानखान्यातच दुय्यम होते. ते मोठ्याने म्हणाले, "दाजी, एकेक लावून बघा की! ओळखायचं काय त्यात, नवरदेव आहे का?"

सुभानराव म्हणाले, "नवरदेव चुकला तर मांडव तरी राहतो, निंबाजीराव. इथं आटे मोडले की इंजिनच गेलं."

मग त्यांनी पहिली टोपी दोन बोटांनी अलगद फिरविली, ती अर्ध्या वेढ्यात अडली, आणि त्यांनी जोर न करिता ती काढिली, आटे निराळे. उरल्या दोन. दोहींचे आटे बसत, परंतु एकीची वाटी उथळ आणि एकीची खोल असावी, आणि खोल वाटीखाली दाब न भरता इंजिन नुसते खोकते, हे दारोगा जाणत होते. वाट्या काजळीने काळ्या, नजरेस काही ठरेना. पालखीचे भोई खांदे बदलू लागले आणि सरकार म्हणाले, "दारोगा, ऊन कलतंय. तुमची टोपी ओळखता येत नसेल तर पगडी उतरवा."

तेव्हा सुभानरावांनी मुदपाकखान्यातून कणकेचा गोळा मागविला, जळक्या टोपीचे वाटीत दाबून ठसा घेतला, आणि उरल्या दोहींतील एक उचलून तीतही तैसाच घेतला. ठशास ठसा मिळाला. सदर "वाहवा" म्हणाली. सुभानरावांनी मात्र दुसरा ठसा उलटा केला. कणकेत तारेचे वेटोळे रुतून आले होते. ज्या हाताने ओळख पटविली त्याच हाताने टोपी मारिली.

कोणी पाहिले नाही. निंबाजीराव मात्र दोन पावलांवर. सुभानरावांनी तो ठसा तोंडात टाकिला आणि इंधनातील एरंडेलाचे वासासकट गिळिला.

"दाजी, काय खाल्लंत?"

"अन्न टाकू नये," सुभानराव म्हणाले, आणि लगेच सरकारांकडे वळून मुजरा केला, "सरकार, हीच खरी टोपी. लावण्याचा मान निंबाजीरावांस द्यावा."

निंबाजीरावांचा स्वभाव ऐसा की, एका सेलाने भागे तेथे ते दोन जोडीत, आणि दोहोंनी तार जळते. सुभानरावांनी सारी दारोगाई त्या स्वभावावर लाविली होती. परंतु निंबाजीरावांनी टोपी घेतली आणि आत डोकावण्यास ती उन्हाकडे वळवू लागले. आणखी तसूभर वळती तर सर्व उघडे पडते. सुभानराव हलक्या आवाजात, परंतु सदरेस ऐकू जाईल ऐसे म्हणाले, "एकच सेल लावा हं, निंबाजीराव. तुम्हाला झेपेल तेवढंच करा."

निंबाजीराव लाल जाहले. "झेपेल म्हणजे? मी काय पोर आहे?" म्हणोन टोपी न पाहताच आवळली, दोन सेल जोडिले आणि पंखा बोटाने फिरविला. एकवार, दोनवार, दहावार. पंख्याने बोट फोडिले, इंजिन हूं म्हणेना.

"दोन लावले! जाळली!" भोयांपासून कारभाऱ्यांपर्यंत एकच गिल्ला उठला. निंबाजीरावांनी हातातील दोन सेल पाहिले आणि त्यांसही ते खरे वाटले.

मग सुभानरावांनी खोल वाटीची टोपी घेतली, बुडचे दोन तांब्याचे वायसरांपैकी एक काढिला, तेणेकरून टोपी खाली बसली आणि दाब भरला. एक सेल. पंख्यास टिचकी. इंजिन एकदा खोकले, आणि मग ते भुंग्यासारखे गर्जले. विमान हातचे सुटले, आपट्यांवरून हद्दीपार गेले, आणि मागोमाग पालखी उठली.

सरकार निंबाजीरावांस दौलतीबाहेर घालवू लागले, तो सुभानराव आडवे जाहले. "तार जुनीच होती, सरकार. त्यांचा काय दोष?" यावर सरकारांनी विडा दिला आणि म्हणाले, "माणसाला मन असावं तर असं."

तात्पर्य, देणेघेणे ऐसे जाहले. दौलतीने आपली खरी टोपी दिली. निंबाजीरावांनी बोटाचे रक्त दिले, दुय्यमगिरी दिली आणि गवतखान्यात बदली घेतली. वर दर दसऱ्यास ते बहिणीकडे जेवावयास येत आणि भर पंगतीत डोळे पुसून सांगत, "टोपी मी जाळली, पण दाजींनी मला वाचवलं." तेव्हा सुभानराव, पानात काहीही असो, हात धुवावयास उठत.