देवाचं वजन

डॉक्टर ठोसरांच्या दवाखान्यातल्या वजनाच्या यंत्रावर दयाराम पाटील चढला, तसा काटा धावत सुटला आणि शेवटच्या आकड्याला टेकून थरथरत उभा राहिला. डॉक्टरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"उतरा," ते घाईघाईनं म्हणाले. "यंत्र नवं आहे."

दयाराम उतरला. यंत्रानं आणि त्यानं एकदमच सुस्कारा सोडला.

"दयाराम, गेल्या पावसाळ्यात मुदतीच्या तापात तुम्हाला इथं आणलं, तेव्हा एका हातानं उचलून गाडीतून उतरवलं होतं. सहा-सात महिन्यांत हे काय करून बसलात?"

"मी कशाला करतोय? बायकोनं केलं."

हे मात्र खरं होतं. ताप उतरल्यावर गुणाबाईनं त्याला आधी पेज पाजली, मग मऊ भात चारला, मग कोंबडीचा रस्सा, मग खाडीतली मासळी. माणूस बरा झाल्यावर हे थांबवायचं असतं, असं तिला कुणी सांगितलं नाही आणि दयारामला ते विचारावंसं वाटलं नाही.

"हृदय दमतंय तुमचं," डॉक्टर म्हणाले. "वजन कमी करायला हवं. पण बेतानं. महिन्याला चार पौंड, बस्स. उपासतापास करायचे नाहीत. भात निम्मा करा, गोड बंद, आणि रोज चाला. वर्षभरात माणसात याल."

दयारामला पहिलं वाक्य तेवढं ऐकू आलं. एकदा मरता मरता वाचलेला माणूस. पुन्हा त्या दारात उभं राहायची त्याची तयारी नव्हती. पनवेलच्या दवाखान्यातून ओवे गावी बैलगाडी घरी पोचेपर्यंत त्यानं डॉक्टरांचं वर्ष महिन्यावर आणलं होतं.

चुलीपुढे बसलेल्या गुणाबाईला त्यानं दारातूनच सांगितलं, "आजपासून माझं जेवान बंद. निस्तं ताक पिनार. गावच्या बापदेवाच्या जत्रेपत्तुर निम्मा होतो."

गुणाबाईच्या हातातली तांदळाची भाकर तव्यावर पडायच्या ऐवजी चुलीत पडली.

"निम्मा? कुनाला इचारून?"

"माझं शरीर हाय. कुनाला इचारू?"

"तुमचं? तुमी तापानं बरळत व्हता, तवा मी देवाला काय बोललीय? 'बापदेवा, ह्यांना उभं कर, जत्रेला ह्यांच्या भारोभार गूळ वाहीन.' देवानं उभं केलं का नाय?"

"केलं."

"मग आता अंगावर हाय ते समदं देवाचं हाय. जत्रेआदी त्यातलं पावशेर जरी उतरलं, तरी देवाची चोरी!"

दयाराम खाटेवर बसला. इतके दिवस आपण दुसऱ्याचा माल वागवत होतो, हे त्याला आजच कळत होतं.

"आनि जत्रेआदी माझं हुर्दय बंद पडलं तर?"

"देव काय येडा हाय? सोताचा माल तो वाया जाऊ दील?"

दयारामला हे पटलं. पण भीती होती. दुसऱ्या दिवसापासून तो गुणाबाईसमोर ताटावर बसू लागला आणि तिची पाठ फिरली की भाकर बंडीच्या खिशात सरकवू लागला. ती भाकर मिठागरावर कामाला जाताना बैलांना मिळे. बैल सुखावले. दयाराम खाऱ्या पाण्याच्या वाफ्यांभोवती बांधावरून उन्हातान्हात फेऱ्या मारी आणि ताक पिऊन निजे.

चोरी उघडकीला आणली शेजारच्या रंभानं. सकाळी ती विस्तव मागायला आली, दयारामकडे बघितलं आणि तिच्या हातातली खापरी खाली पडून फुटली.

"गुणाबाय! अगो, भावजींच्या बंडीचं बटन लागलं!"

दिवाळीपासून त्या बंडीच्या दोन बाजूंची गाठ पडली नव्हती. गुणाबाई धावत आली. बटण खरंच लागलं होतं. वर आणखी एक बोट शिरेल एवढी जागाही होती. तिनं कपाळाला हात लावला.

त्या काळी गूळ ही सणासुदीची चीज होती. चहात गुळाचा खडा मोठा पडला, तर पाहुणा मोठा समजायचा. दयारामच्या भारोभारचा गूळ म्हणजे अख्ख्या गावाचा प्रसाद होता. पोरंबाळं त्याला येता-जाता डोळ्यांनी मोजत. रंभानं तर त्या गुळाच्या पोळ्यांना माहेरची माणसं बोलावून ठेवली होती. तेव्हा बटण लागल्याची बातमी गावात गेली, ती एखादं घर बसल्यासारखी.

देवाचा भगत काशीराम काठी टेकत आला.

"दयाराम, देवाला मापात मारतोस?"

"काशीरामबाबा, डाक्तर सांगतो, मरशील म्हनून."

"डाक्तर काय निम्मा हो म्हनला?"

"नाय. त्यो म्हनला चार पौंड, बेतानं. पन मला घाई हाय."

"आनि आमाला नाय? पोरांना तोंड कसं दाखवू?"

त्या दिवसापासून दयारामला गावातून चालणं मुश्कील झालं. एका ओटीवरून हाक येई, "दाजी, कोलंबीचं कालवन हाय!" दुसरीवरून कुणी घावन घेऊन आडवं येई. रंभा तर थेट बांधावर येऊन बसे. "भावजी, एक घास. देवासाठी." दयाराम कान झाकून बांधावर फेऱ्या मारी, आणि वास चुकवायला वाऱ्याच्या उलट्या बाजूनं चाले.

अशाच एका दुपारी रंभानं तळलेल्या बोंबलाचं पान उघडलं. दयारामनं एकदा त्या पानाकडे पाहिलं, एकदा आभाळाकडे, आणि सरळ मिठाच्या वाफ्यात आडवा झाला. पाणी घोटाभरच होतं, पण तो पडल्यावर त्यातलं निम्मं बाहेर आलं.

"गेलं! भावजी गेलं!" रंभानं हंबरडा फोडला. गुणाबाई अनवाणी धावत आली. आजवर तिला देवाचा माल कमी होण्याची भीती होती. माणूसच जाईल, हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. खारानं पांढऱ्या झालेल्या नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन ती पनवेलपर्यंत गाडीत पदरानं खार पुसत बसली.

डॉक्टरांनी नाडी बघितली, ग्लुकोज पाजलं आणि मग जो आवाज चढवला, तो बाजारापर्यंत गेला.

"चार पौंड म्हटलं होतं मी! महिन्याला! तुम्ही आठवड्यात किती उतरवलेत? वजन काय अंगरखा आहे, काढून खुंटीला टांगायला? ज्या तापातून वाचलात तो परवडला!"

"डाक्तर," गुणाबाई हात जोडून म्हणाली, "चूक माझी बी हाय. जत्रेपत्तुर ह्यांना हाय तसं ऱ्हाऊ द्या. भाकर खाऊ द्या, ना कमी, ना जास्त. एकदा देवाचं देवाला दिलं, की तुमी सांगाल तसं. चार तर चार."

असा तह झाला. जत्रेला डॉक्टर स्वतः आले, पेशंटवर विश्वास नव्हता म्हणून. देवळापुढच्या चिंचेला भाताच्या गिरणीतला मोठा काटा टांगला होता. एका पारड्यात दयाराम मांडी घालून बसला, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा चढू लागल्या. चिंचेची फांदी करकरली, त्याचं पारडं उचललं गेलं, आणि गावानं असा जयजयकार केला की दयारामला आपल्या वजनाचा प्रथमच अभिमान वाटला.

मग पंगत बसली. रंभानं दयारामच्या पानावर भाताचा डोंगर रचला, वर मटणाची वाटी ठेवली. तो पहिला घास उचलणार, एवढ्यात देवापुढून गुणाबाईचा खणखणीत आवाज आला.

"बापदेवा, तुझं तुला पावलं! आता ह्यांचं वजन डाक्तर म्हनतो तसं उतरू दे. फुडल्या जत्रेला जेवढं उतरंल, तेवढ्या भाराचा गूळ तुला पुन्हा वाहीन!"

सगळ्या माना सावकाश दयारामकडे वळल्या. काशीरामनं वाकून त्याच्यापुढची वाटी उचलली. दयारामचा घास हवेतच राहिला.

डॉक्टर धावत आले. "अहो, काय करताय? आजच्या दिवस जेवू द्या त्यांना! मी सांगितलंय ना, एकदम नाही, हळूहळू!"

"हळूहळूच चाललंय, डाक्तर," रंभा पानावर वाकत म्हणाली. "आदी मटन उचललं. आता भात उचलतेय."