आबासाहेबांचा वाकडा जाझ

"पाश्चात्त्य संगीत? अहो, ते आपल्या डाव्या हातचा मळ!"

मुकुंद आराध्ये हे वाक्य गिरणीच्या ऑफिसात, चहाच्या वेळी, चारचौघांत बोलला आणि तिथंच त्याची साडेसाती सुरू झाली. कारण मागे दारात आबासाहेब उभे होते.

आबासाहेब म्हणजे गिरणीचे मालक. ते खाकरले की खात्यातले माग दचकून थांबतात, असं कामगार म्हणायचे. त्यांच्या परदेशी पेनाचं टोपण हरवलं म्हणून एका कारकुनाची रवानगी थेट जेऊरच्या गोदामावर झाली होती. तिथं कापसाच्या गाठी, उंदीर आणि तो! वर्षभरानं तो सोलापूरला आला तेव्हा समोरचा माणूस बोलायला लागला की कावराबावरा व्हायचा म्हणे.

"आराध्ये," आबासाहेब म्हणाले, "तुम्हाला जाझ कळतो?"

खरं उत्तर 'नाही' हे होतं. मुकुंदचं सगळं पाश्चात्त्य ज्ञान म्हणजे रेडिओवर कधीमधी ऐकलेली इंग्रजी गाणी आणि 'सॅक्सोफोन' हा शब्द न अडखळता उच्चारण्याची कला. पण माणसाची जीभ कधी कधी मालकाला न विचारता कामाला लागते.

"थोडाफार, साहेब."

"शाब्बास! अख्ख्या सोलापुरात एक तरी माणूस निघाला!"

आबासाहेब त्या हिवाळ्यात नवे माग बघायला जर्मनीला जाऊन आले होते. तिथल्या यजमानानं त्यांना एका हॉलमध्ये नेलं होतं आणि तिथं काही दाढीवाल्यांनी नव्या वळणाचा जाझ वाजवला होता. त्यात चाल नसते, ताल नसतो, वाजवणारे एकमेकांकडे बघतही नाहीत! तेव्हापासून आबासाहेब जरा गप्प गप्प असायचे. येताना त्यांनी त्या मंडळींची एक रेकॉर्ड आणली होती. काळं कुळकुळीत वेष्टन, त्यावर लाल रंगाचा एकच फराटा. नाव नाही, गाव नाही.

"ही घरी न्या, नीट ऐका," आबासाहेब म्हणाले. "उद्या रविवारी संध्याकाळी बंगल्यावर माणसं बोलावलीत. वाजवायच्या आधी तुम्ही चार शब्द बोलायचे. आणि जपून हं, आराध्ये. कंपनीनं ही काढणं बंद केलंय. जगात पुन्हा मिळणार नाही. हिला जर का काही..."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मुकुंदच्या डोळ्यांपुढून जेऊरचे उंदीर मात्र शेपटीसकट सरकून गेले.

शनिवार असल्यानं ऑफिस दुपारीच सुटलं. मे महिना होता, आणि सोलापूरचा मे म्हणजे काय ते ज्यानं भोगलं त्यालाच ठाऊक! कावळासुद्धा सावली बघून मगच ओरडतो. मुकुंदनं रेकॉर्ड तान्ह्या बाळासारखी छातीशी धरली आणि एका हातानं सायकल हाकत घर गाठलं. बायको मालती आणि आई गोदावरीबाई गच्चीवर बाजेवर पापड वाळत घालत होत्या. कौतुक दाखवायला तोही वर गेला.

"बघा! जर्मनीची आहे!" त्यानं तबकडी वेष्टनातून काढून कडेकडेनं धरली.

"हात धुतलेत का?" मालतीनं विचारलं.

तेवढ्यात खालून शेजारच्या सोजरबाईची आरोळी आली. "मुकुंदरावऽ! नळाला पानी आलंय! बिगी बिगी या, जाईल की!"

आता तुम्हीच सांगा, त्या काळच्या सोलापुरात, ऐन मे महिन्यात, अवेळी नळाला पाणी आलं तर माणूस जाझ बघेल की हंडा? मुकुंदनं तबकडी समोर दिसली त्या जागी ठेवली आणि तिघंही जिन्यावरून गडगडत खाली आली. हंडे, घागरी, बादल्या, पातेली, शेवटी गोदावरीबाईंचं तीर्थाचं पंचपात्रसुद्धा भरून झालं, तेव्हा कुठं मुकुंदला तबकडी आठवली.

तो वर धावला.

पापड अगदी सपाट, शहाण्यासारखे वाळले होते. त्यांच्या मधोमध जर्मनीचा जाझ तळलेल्या पापडासारखा फुलून वर आला होता!

"मेलो!" मुकुंद मटकन खाली बसला. गच्ची इतकी तापली होती की तसाच उठलाही.

"अरे, मुळातच तशी असेल," गोदावरीबाई म्हणाल्या. "परदेशी वस्तू. त्यांचं सगळंच उलटं."

"आई, आता जेऊरला जायचं! सामान बांधा!"

मालती मात्र हिमतीची. तिनं तबकडी खाली नेली, दोन पाटांच्या मध्ये ठेवली, वर मसाला वाटायचा दगडी पाटा ठेवला आणि त्याच्यावर गोदावरीबाईंना पोथी देऊन बसवलं. "आई, तीन-चार अध्याय वाचा. हलू नका." गोदावरीबाईंनी भक्तिभावानं अध्याय वाचले. मुकुंद समोर बसून हात जोडत होता. पोथीला की तबकडीला, ते त्याचं त्यालाच माहीत नव्हतं.

तबकडी बाहेर काढली तेव्हा फुगा बसला होता. पण कडेला एक लाट राहिलीच.

"वाजवून तर बघा," मालती म्हणाली.

मुकुंदनं आईच्या भजनांसाठी घेतलेल्या ग्रामोफोनवर तबकडी चढवून सुई टेकवली. सुई लाटेवर चढली, धपकन उतरली, पुन्हा चढली. आणि मग आवाज आला.

तो कसला आवाज होता, हे सांगणं अवघड आहे. एखाद्या हत्तीच्या पायावर दुसऱ्या हत्तीनं पाय द्यावा, त्याच वेळी भांड्यांची मांडणी कोसळावी आणि ते बघून तिसऱ्या हत्तीनं हसावं, तसं काहीतरी. गोदावरीबाईंनी कानांवर हात ठेवले. कोनाड्यातली मांजर उडी मारून गेली ती सोमवारपर्यंत आली नाही. मग त्या सगळ्या कल्लोळावर एक लांबलचक 'भोंऽऽऽ' उठला.

दोन मिनिटांत सोजरबाई दारात! "अवो मुकुंदराव, ह्ये काय चाललंय? आमचं मालक गिरनीचा भोंगा झाला म्हनून झोपेतनं उठून पळालं की कामावर! आन् भोंगा तर हितं तुमच्या घरात!"

"तुमचे हिंदुराव कामावर गेले?"

"व्हय की! एका पायात चप्पल हाय, दुसरी हितंच!"

मुकुंदला घाम फुटला. पण हिंदुरावांच्या चपलेपेक्षा भयंकर असा एक विचार त्याच्या मनात आला होता. हा आवाज त्या दाढीवाल्यांचा, की सोलापूरच्या उन्हाचा? तबकडी सरळ असताना त्यानं ती ऐकलीच नव्हती! बिघडलेलं भजन लगेच ओळखू येतं. पण मुळातच असं असलेलं काही बिघडलं, तर ते ओळखायचं कसं?

"कुणाला तरी विचारा," मालती म्हणाली.

गावात सॅक्सोफोनच्या सर्वांत जवळचा माणूस म्हणजे लग्नाच्या बँडचे मास्तर सिद्धप्पा. क्लॅरिनेट वाजवायचे. मुकुंद त्यांना बोलावून घेऊन आला. सिद्धप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि डोळे मिटून ऐकलं. मग डोळे उघडून ऐकलं. मग तोंड उघडून.

"अय्यो शिवने!" ते म्हणाले. "मालक, ह्यो मानूस बरोबर वाजवत असंल, तर मी जलमभर चुकलो. आन् माझं बरोबर असंल, तर ह्याला दवाखान्यात न्या की!"

"पण रेकॉर्ड बिघडलीय का, एवढंच सांगा!"

सिद्धप्पांनी पुष्कळ विचार केला. "त्ये मला कळना झालंय. पर एक सांगतो. फुंक लई दमदार हाय." आणि टोपी घालून ते असे भराभरा गेले की जणू तो दाढीवाला त्यांच्या मागं लागलाय.

त्या रात्री मुकुंदला झोप लागली नाही. सकाळी उठून त्यानं ठरवलं, कबूल करून टाकायचं. संध्याकाळी बंगल्यावर गेल्या गेल्या, पहिल्या वाक्यात!

पण बंगल्यावर पहिलं वाक्य बोलायचा मान नेहमी आबासाहेबांचा. "या, या! हे आमचे आराध्ये. जाझमधले दर्दी!" दिवाणखान्यात एक वकील, एक डॉक्टर आणि चादरींचे बडे व्यापारी सहकुटुंब बसले होते. मुकुंदला पुढं उभं केलं गेलं.

"साहेब," मुकुंद म्हणाला, "हे सगळं... हे उन्हानं झालंय."

"वा!" आबासाहेब पाहुण्यांकडे वळले. "ऐकलंत? उन्हानं! त्या आफ्रिकेच्या उन्हात या संगीताचा जन्म झाला. एका वाक्यात मूळ गाठलं!"

"तसं नाही साहेब. हे वाकलंय!"

"वाकणारच! सूर सरळ राहिले तर तो जाझ कसला?"

"साहेब, माझ्या हातून..."

"आता तुमच्याच हातानं लावा," आबासाहेब म्हणाले आणि डोळे मिटून आरामखुर्चीत मागं टेकले.

मुकुंदनं सुई टेकवली आणि तबकडीची लाट कुणाला दिसू नये म्हणून तो ग्रामोफोनसमोर धोतर वाळत घातल्यासारखा हात पसरून उभा राहिला. हत्ती आले. मांडणी कोसळली. एका व्यापाऱ्याच्या बायकोनं नवऱ्याचा दंड पकडला. भोंगा झाला. आणि मग व्हायचं तेच झालं. सुई लाटेवर चढली, उतरताना मागं घसरली आणि तिथंच अडकली.

"प्यां क्रर्र ठप्! प्यां क्रर्र ठप्! प्यां क्रर्र ठप्!"

मुकुंदनं डोळे मिटले. सुईला हात लावावा तर चोरी उघडी पडणार, न लावावा तर ती जन्मभर तिथंच फिरणार! प्यां क्रर्र ठप्! त्याला जेऊरची गाडी दिसू लागली. प्यां क्रर्र ठप्! गाडीत मालती रडतेय, आई पोथी वाचतेय. त्यानं एक डोळा किलकिला करून आबासाहेबांकडे पाहिलं.

आबासाहेबांचा पाय हलत होता. 'ठप्'वर बरोबर ठेका! ते बघून वकिलांनी मान डोलवायला सुरुवात केली. वकिलांना बघून डॉक्टरांनी. मग सगळा दिवाणखाना डोलू लागला. मालक डोलतोय म्हटल्यावर न डोलण्याची कुणाची छाती? आणि थांबणार तरी कोण? चहाचे कप गार झाले. एका व्यापाऱ्याच्या मानेत लचक भरली तरी तो बिचारा एकाच बाजूनं डोलत राहिला. शेवटी मुकुंदच्या पायातली ताकदच संपली. तो धाडकन ग्रामोफोनवर टेकला, सुई उडाली आणि पुढचे हत्ती मोकळे झाले.

"विलक्षण!" डॉक्टर रुमालानं मान पुसत म्हणाले.

आबासाहेब नुसते मुकुंदकडे बघत राहिले. ते बघणं मुकुंदनं घरी आणलं, उशाशी घेतलं आणि पुढं कित्येक महिने बाळगलं. ऑफिसात शिपाई 'साहेबांनी...' एवढं म्हणाला तरी तो निम्मा उठून उभा राहायचा. रोज वाटायचं, आज जेऊर. पण बोलावणं येईना. आणि न येणाऱ्या बोलावण्याची भीती आलेल्यापेक्षा वाईट!

डिसेंबरात ते आलं.

आबासाहेबांच्या टेबलावर दोन काळी वेष्टनं होती. दोन्हींवर तोच लाल फराटा.

"त्या कंपनीनं ही रेकॉर्ड पुन्हा काढली," आबासाहेब म्हणाले. "माझ्या यजमानानं पाठवली. काल घरी ऐकली. अडकत नाही. सरळ निघून जाते." त्यांनी दोन्ही तबकड्या काढून टेबलावर शेजारी ठेवल्या. नवी सपाट बसली. जुनी डुगडुगली.

मुकुंदनं हात जोडले. "साहेब, पाणी आलं होतं नळाला. गच्चीवर... मी तेव्हाच सांगत होतो..."

"माहीत आहे. 'उन्हानं झालंय' म्हणालात. मला तेव्हा वाटलं, विद्वान आहात."

मुकुंदनं मनातल्या मनात सामान बांधलं.

आबासाहेबांनी उठून दार लावलं. परत येऊन बसले तेव्हा त्यांचा आवाज खाली आला होता, इतका खाली की मुकुंदला आधी वाटलं, दुसरंच कुणीतरी बोलतंय.

"आराध्ये, कुणाला सांगू नका. त्या हॉलमध्ये मला काडीचं कळलं नव्हतं. भ्यालो होतो. वाटलं, एवढी माणसं डोळे मिटून ऐकतायत, म्हणजे आपणच अडाणी. रेकॉर्ड आणली, तीही लावायचा धीर होईना. म्हणून तर तुम्हाला दिली. त्या दिवशी तो तुकडा पुन्हा पुन्हा वाजला, तेव्हा कुठं जरा ओळख झाली. आता रोज सकाळी ऐकतो. तेवढाच. आवडतो मला."

सोलापुरात आपल्याशिवाय आणखी एक माणूस घाबरलेला आहे आणि तो म्हणजे आबासाहेब, ही गोष्ट मुकुंदला पचायला जड होती.

आबासाहेबांनी नवी तबकडी त्याच्या हातात ठेवली. "ही घरी न्या. हिच्यातलं पण थोडं ओळखीचं व्हायला हवं. तिला जे केलंत, तेच हिला करून आणा. जरा वेगळ्या जागी. सोमवारपर्यंत."

मुकुंदनं खिडकीबाहेर पाहिलं. थंडीत गारठलेला गिरणीचा पहारेकरी कोवळ्या उन्हात हात चोळत उभा होता. मुकुंदच्या कपाळावर पुन्हा घाम आला.

"साहेब," तो चाचरत म्हणाला, "त्याला मे महिना लागेल."