धामणगावची मुकी वीणा

"नारळ फोडा, पाया पडा आन् सीदे घरी या. कोनाच्या गोष्टीत बसू नका," झुंबरबाईंनी उंबऱ्यातूनच बजावले. "आन् आल्याबराबर निजा. पाव्हने दुपारी येतीन. त्यायच्यापुढं आज तुमची मान पडली, त पोरगी घरातच राह्यली म्हनून समजा."

"हाव," उकंडराव म्हणाले. याहून मोठा शब्द उच्चारण्याचे त्राण त्यांच्यात उरले नव्हते.

धामणगाव बढ्याच्या शिवारात ज्वारी दाण्यावर आली होती आणि रानडुकरांना तिची वार्ता लागली होती. पौष लागल्यापासून उकंडराव शेतावर जागल करीत होते. रात्री माचाणावर, दिवसा कपाशीत. निद्रादेवीने जणू त्यांच्या घराचा पत्ताच टाकून दिला होता. मात्र नको त्या वेळी ती अचूक येई. मागच्या पंधरवड्यात नांदुऱ्याचे पाहुणे आशाला पाहावयास आले असता कुळाची चौकशी ऐन रंगात आली आणि उकंडरावांचे मस्तक पाहुण्यांच्या खांद्यावर जाऊन विसावले. पाहुण्यांनी ते हळूच उचलून भिंतीला टेकविले, पान घेतले आणि ते निघून गेले. पुढे त्यांचा निरोप आला, "मुलीच्या बापाला आमच्यात गोडी दिसत नाही."

आज मोताळ्याचे नारायणराव येणार होते. घर चांगले, मुलगा शाळामास्तर, आणि आशाने त्याला मोताळ्याच्या बाजारात ओझरते पाहिलेही होते. झुंबरबाईंना हे ठाऊक होते, उकंडरावांनाही होते. फक्त दोघेही ते बोलून दाखवीत नव्हते. म्हणून आज दुपारपर्यंत झोपणे हे उकंडरावांचे पितृकर्तव्य होते, आणि आयुष्यात प्रथमच कर्तव्य व इच्छा हातात हात घालून उभी होती.

विठ्ठलमंदिरात अखंड हरिनामाचा सप्ताह चालला होता. सप्ताहाचा प्राण म्हणजे वीणा. ती एकदा गळ्यात पडली की दुसरा पुढे येऊन आदराने स्वीकारीपर्यंत खाली ठेवता येत नाही. वीणेकऱ्याने बसावयाचे नाही, वीणेने भूमीला स्पर्श करावयाचा नाही आणि समोर धरलेली वीणा नाकारावयाची नाही. धामणगावात कोणाच्या आजोबांनीही हा नियम मोडला नव्हता.

उकंडरावांनी नारळ फोडला, दंडवत घातला आणि ते वळले, तोच रंगराव पाटलांनी हाक दिली. सप्ताहाचा कारभार पाटलांकडे होता. त्यांच्या गळ्यात फुलांच्या हारांनी झाकलेले, बुक्का लावलेले काहीतरी होते.

"उकंडराव, वाईच धरता का? हा आलोच मी."

तोवर ते हार उकंडरावांच्या मानेपर्यंत आलेही होते. समोर आलेल्या वीणेला धामणगावचा मनुष्य हात जोडतो आणि मग तेच हात पुढे करतो. यात विचाराला जागा नसते. पाटलांनी आलिंगन दिले, पाय शिवले, आपला खांदा चोळला आणि ते मंदिराच्या मागील दाराने गेले. जाताना त्यांनी मागे वळून पाहिले नाही.

क्षणभराने उकंडरावांच्या मानेला भार जाणवला. वीणा म्हणजे भोपळा. तिचे वजन असून असून किती असणार? ही मात्र जणू दाराची फळी होती. त्यांनी तारेवरून बोट फिरविले. काहीच झाले नाही. पुन्हा फिरविले. टाळांच्या गजरात कोठेतरी चिलट गुणगुणल्यासारखे झाले आणि विरले. जागरणाने आपले कान गेले, असे त्यांना वाटले.

"शेषराव," त्यांनी शेजारी टाळ धरून उभ्या असलेल्या वृद्धाला वीणेकडे व आपल्या कानाकडे बोट दाखवीत सांगितले, "मले वीना ऐकू येऊन नाही राह्यली."

"मलेबी नाही," शेषराव समाधानाने म्हणाले.

उकंडरावांना धीर आला. मग आठवले की शेषराव गेली कित्येक वर्षे ठार बहिरे आहेत.

खुलासा केला तो पंजाबरावाने. हा पाटलांचा पुतण्या. मुंबईहून सुटणाऱ्या मालवाहू जहाजावर खलाशी होता आणि रजेवर आला होता. तो कौतुकाने म्हणाला, "काका, तुमच्या गळ्यात कशी शोभून राह्यली! अमेरिकेची हाय. गिटार म्हन्तात. टेलिकास्टर!"

हकीकत अशी होती. पहाटेच्या पहाऱ्याला शेषराव वीणा घेऊन उभ्या उभ्याच पेंगले, खांबावर कलंडले आणि वीणेचा भोपळा फुटला. अखंड नाम खंडित होण्याची वेळ आली. पाटलांनी निवृत्ती गाडीवानाला नवी वीणा आणण्यासाठी शेगावला पिटाळले. परंतु तो परत येईपर्यंत गळ्यात काय घालावे? तेव्हा पंजाबरावाने घरातून ही गिटार आणली. पुजाऱ्यांनी ती उलटसुलट करून पाहिली. लाकूड आहे, खुंट्या आहेत, तारा चारांऐवजी सहा आहेत. "दोन जास्तच आहेत, कमी नाहीत," असा निर्णय त्यांनी दिला, बुक्का लावला, हार घातले आणि गिटारीची विधिपूर्वक वीणा झाली.

"पन हे वाजत काऊन नाही?" उकंडरावांनी विचारले.

"कशी वाजन? पोकळ नाही न थे! अख्खं लाकूड हाय. हिच्यात बिजली सोडा लागते."

"बिजली?"

"हाव. तार लावाची, भोंग्यातून आवाज निंघते. तिकडं मोठे मोठे वाजवनारे हायत हिचे." पंजाबरावाने खिशातून घडी पडलेले एक चित्र काढले. त्यात रुंद टोप्या घातलेले, झालरीचे सदरे ल्यालेले काही गोरे गृहस्थ अशीच लोण्याच्या रंगाची गिटार कमरेशी धरून हसत होते. "हे पाहा, नामी वादक! हा गाईम्हशी राखनाऱ्यायचे गाने वाजवते. ह्याच्या बोटायले त लोकं नमस्कार करतात."

उकंडरावांनी त्या मंडळींकडे थकलेल्या डोळ्यांनी पाहिले. ते सगळे झोप झालेले दिसत होते.

"आन् आपल्याकडं बिजली कवा?"

"नागपूरहून हुकूम सुटला म्हन्तात. येईन."

हे संभाषण पायरीवर बसलेल्या मंडळींनी ऐकले आणि तेथेच उकंडरावांचे दैव फिरले. गावाने वीज पाहिली होती ती आकाशातली. तिने गतवर्षी बांधावरचा निंब उभा चिरला होता. ती आता उकंडरावांच्या गळ्यात आहे, ही वार्ता पंजाबरावाने चित्राची घडी घालण्याआधीच वेशीपर्यंत पोहोचली. ज्यांचे पहारे ठरलेले होते, त्यांना एकाएकी प्रपंचाची आठवण झाली. कोणाची गाय विण्यास आली, कोणाला सुतक निघाले. एक गृहस्थ तर मंदिराच्या पायरीपर्यंत आले, त्यांनी दुरूनच हात जोडले आणि "तुमचं पुन्य मोठं, उकंडराव!" असे म्हणून ते परतले.

"अहो, घ्या न कोनी!" उकंडराव कळवळले. "माह्या घरी पाव्हने येऊन राह्यले!"

"विठ्ठल विठ्ठल," सर्वांनी एकमुखाने उत्तर दिले.

सूर्य माथ्यावर आला, तेव्हा झुंबरबाई आल्या. हात पिठाने पांढरे माखलेले, पदर खोचलेला.

"मी म्हनलं व्हतं, निजा म्हनून! इथं काय करून राह्यले तुमी?"

"वीना धरून राह्यलो."

"ठेवा खाली थे!"

"ठेवता येत नाही वो."

 नियम झुंबरबाईंनाही ठाऊक होता. पतीच्या मिटत चाललेल्या पापण्या त्यांनी पाहिल्या आणि त्यांचा राग उतरून तेथे निव्वळ भीती उरली. "पाव्हने वेशीत आले, आशीचे बाबा," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आता त्यायले इथंच आना लागन. नांदुऱ्यावानी झालं, त पोरगी मनात कुढन. बोलनार नाही, पन कुढन."

"मले मालूम नाही का थे?" उकंडराव म्हणाले. "पन डोयेच आयकत नाही माहे."

झुंबरबाईंनी ओटीत हात घातला, स्वयंपाकासाठी खुडलेली एक लवंगी मिरची काढली आणि ती पतीच्या दाताखाली दिली. "झोप आली का चावजा," असे सांगून त्या पाहुण्यांना आणावयास धावल्या.

उकंडरावांनी मनोभावे प्रयत्न केला. पहिली डुलकी आली, त्यांनी मिरची चावली आणि डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या. दुसरी आली, पुन्हा चावली. सर्वांगाला कंप सुटला. तिसऱ्या डुलकीला मात्र निद्रादेवीने मिरचीचेही काही चालू दिले नाही. देवासमोरच्या रंगशिळेवर, खांबाला न टेकता, उभ्याउभ्याच ते झोपी गेले. हात तेवढा जागलीच्या सवयीने हलत राहिला. माचाणावर डुकरे हाकताना तो असाच हलत असे.

मोताळ्याचे नारायणराव सपत्नीक मंदिरात आले, तेव्हा त्यांना दिसले ते असे: मिटलेले नेत्र, गालांवरून वाहणारे अश्रू, किंचित डोलणारा देह, आणि तारांवरून संथ फिरणारी बोटे, ज्यांतून नादाचा लवलेशही निघत नव्हता.

नारायणराव स्वतःला गाण्यातले जाणकार मानीत. पंचक्रोशीतल्या प्रत्येक भजनात ते पुढे बसून मान हलवीत, आणि गाणाऱ्याची चूक निघाली की ती त्यांच्याच भुवयांतून गावाला कळे. ते मंत्रमुग्ध होऊन उभे राहिले.

"काहो," त्यांच्या पत्नी अन्नपूर्णाबाई कुजबुजल्या, "थे वीना वाजून नाही राह्यली."

"चूप राहा!"

"खरंच नाही वाजून राह्यली. मी कान देऊन आयकून राह्यली न."

"बाहेरून नाही वाजत थे," नारायणराव दबलेल्या स्वरात म्हणाले. "आतून वाजते. ज्याले कान असन त्यालेच ऐकू येते."

"तुमाले येऊन राह्यली?"

नारायणरावांनी वळून पाहिले. मागे झुंबरबाई होत्या, पायरीवर गाव होते. "हाव," ते म्हणाले, आणि मान हलवू लागले.

मग ते पुढे झाले आणि त्यांनी उकंडरावांचे पाय धरले. पायाला हात लागताच उकंडराव दचकून जागे झाले. डुक्कर आले असे वाटून ते ओरडणार होते, पण तोंडात मिरची असल्याने नुसताच हुंकार निघाला. त्या हुंकाराने नारायणरावांना गहिवरून आले.

"दोन घटका मले सेवा द्या," त्यांनी गळा पुढे केला. "एवढी किरपा करा."

पायरीवरील मंडळींनी श्वास रोखला. पाहुण्यांना विजेची वार्ता कोणी सांगितली नव्हती आणि आता सांगावी असेही कोणाला वाटेना. उकंडरावांनी हार उतरविले, आलिंगन दिले, पाय शिवले. मानेवरचा भार गेला, तेव्हा आपण थोडे उंच झालो असे त्यांना वाटले. घरी जाऊन ते ओसरीवर जे आडवे झाले, ते झुंबरबाईंनी हलवूनही उठले नाहीत. आशाने बापाच्या अंगावर घोंगडी टाकली आणि ती बराच वेळ उगीचच उशाशी बसून राहिली.

उकंडराव जागे झाले ते दुसऱ्या दिवशी, कोंबडे आरवून गेल्यावर. अंगात नवे रक्त सळसळत होते आणि मनात धास्ती होती.

"पाव्हने गेले का वो?"

"कुठचे जातात!" झुंबरबाई म्हणाल्या. "थे तिथंच उभे हायत."

उकंडराव धावत मंदिरात गेले. निवृत्ती तेवढ्यातच शेगावची नवी वीणा घेऊन पोहोचला होता. हलकी, भोपळ्याची, गोड आवाजाची ती वीणा पाहताच गाई व्यायच्या थांबल्या होत्या, सुतके फिटली होती आणि पहाऱ्यासाठी रांग लागली होती. रंगराव पाटील सर्वांत पुढे होते. नारायणरावांच्या गळ्यातली गिटार पंजाबरावाने उतरून घेतली आणि नारायणराव मंडपाच्या कडेला मटकन् बसले. त्यांचे डोळे इंगळासारखे लाल झाले होते. उकंडराव भीतभीतच त्यांच्याशेजारी बसले.

 मग नारायणरावांनी इकडे तिकडे पाहिले आणि ते अगदी कानाशी आले.

"एक इचारू? खरं सांगसान?"

"इचारा न."

"काल तुमाले काही ऐकू आलं का?"

उकंडरावांच्या डोळ्यांपुढे आशा उभी राहिली. मंदिरात खोटे बोलवेना आणि खरे बोलण्याचा धीर होईना. शेवटी थकलेल्या माणसाला जे सोपे पडते, ते त्यांनी केले, खरे सांगितले.

"मी झोपलो व्हतो, बुवा."

नारायणरावांनी डोळे मिटले. आता ते उठून जातील, असे उकंडरावांना वाटले. पण नारायणरावांनी एक दीर्घ निःश्वास टाकला, जणू रात्रभराचे लाकूड आत्ता कोठे मानेवरून उतरले होते.

"मीबी," ते म्हणाले. "पहिल्या घटकेतच. बरं झालं, इवाई, तुमी सांगतलं."

'इवाई', म्हणजे व्याही, हा शब्द ऐकून उकंडरावांच्या डोळ्यांत पुन्हा पाणी आले. या वेळी दाताखाली मिरची नव्हती. इतक्यात पंजाबराव गिटार पुशीत जवळ आला.

"काका, मामाजी, लग्नात मज्जा आनू! बुलढान्याले माह्या दोस्ताजोळ बॅटरीचा भोंगा हाय. थो हिले लावतो, आन् तुमा दोघायलेच मांडवात वाजवाले बसवतो. साऱ्या मोताळ्याले ऐकू गेलं पाह्यजे!"

"नाही!" दोन्ही व्याही एकाच दमात उभे राहिले. सप्ताहाच्या टाळांनाही क्षणभर थबकावे लागले, असा तो आवाज होता.

लग्न भोंग्याविना, सनईच्या साध्या सुरात पार पडले. पंजाबराव गिटार घेऊन आपल्या जहाजावर परतला. तेथे सांजवेळी खलाशांची मंडळी जमे, घडी पडलेले ते चित्र हातोहात फिरे आणि टेलिकास्टरच्या नामांकित वादकांची गोष्ट निघे. रुंद टोप्यांच्या साऱ्यांची नावे घेऊन झाली की पंजाबराव आपल्या मुलखातील दोन नावे पुढे जोडी, एक धामणगावचे, एक मोताळ्याचे. काय वाजविले त्यांनी, असे कोणी विचारले, तर तो अभिमानाने सांगे, "अष्टौप्रहर वाजवलं, गड्या. एकही सूर चुकला नाही."