पाणकिड्याच्या अंड्यांची पालक

नाउसेक हा मोठा पाणकिडा चटणीला उत्तम, याबद्दल मणिपुरातल्या लोकताक सरोवराच्या काठी दुमत नाही. मात्र त्याचा नर बोरूवर चिकटलेली अंडी सुकू नयेत म्हणून वारंवार पाण्याबाहेर येऊन ती भिजवतो, हे सरकारच्या जरा उशिरा लक्षात आलं. लगेच ‘जलकीटक पालक संरक्षण कक्ष’ स्थापन झाला.

इबेमहलला बायकांच्या बाजारातली जागा सासूकडून मिळाली होती. रीतीप्रमाणे आता ती धाकट्या सुनेच्या नावावर करायची होती. नेमका त्याच दिवशी कक्षाचे निरीक्षक इबोतोंबी यांना तिच्या टोपलीत एक नर सापडला.

“इमा,” बाजाराच्या रिवाजाप्रमाणे तिला आई म्हणत त्यांनी विचारलं, “याची अंडी कुठे आहेत?”

“मी काय त्याची सासू? मला विचारून घालतात?”

“शोधा आणि वाढवा. नाहीतर जागा जप्त. पालकत्वाचा पूर्वानुभव?”

“चार पोरं.”

“त्यांपैकी एकाची साक्ष लागेल.”

धाकट्या मुलाने, बिरामणीने, प्रामाणिकपणे लिहिलं : ‘आम्हाला आजीने वाढवलं. इमा बाजारात असायची.’

“मेल्या, तुमचा भात कुठून यायचा?”

“तो रकानाच नाही, इमा,” निरीक्षक हळहळले आणि त्यांनी तिची ‘शिकाऊ पालक’ म्हणून नोंद केली.

तळ्यातून शोधून आणलेला अंड्यांचा बोरू मडक्यात उभा करून इबेमहल दुकानावर बसली. तासातासाला पाणी शिंपडायचं, नोंदवहीत सही करायची.

“बिरामणीच्या गोवरात एवढी बसली असतीस तर!” शेजारच्या मेमचाने टोमणा मारला.

इबेमहलने अंड्यांवर पाणी शिंपडलं. गोवराच्या त्या दिवशी तिने अकरा टोपल्या विकल्या होत्या. आजवर ती हे अभिमानाने सांगत आली होती.

नवव्या दिवशी पिल्लं बाहेर पडली आणि संध्याकाळपर्यंत एकमेकांना खाऊ लागली.

“भावंडांचं भांडण कक्षाच्या अखत्यारीत येत नाही,” असं सांगून निरीक्षकांनी दाखल्यावर शिक्का मारला : ‘पालकत्व समाधानकारक.’

जागा सुनेच्या नावावर झाली. दुसऱ्या दिवशी सून टोपली घेऊन बाजारात गेली आणि बिरामणीने सहा महिन्यांची लेक आईच्या मांडीवर ठेवली.

“मला कुठे जमतं रे हे?”

“असं कसं? आता दाखला आहे ना तुझ्याकडे!”

दाखला भिंतीवर टांगला आहे. हसायला जरूर या. फक्त येताना आपल्या पोरांकडून आपल्याबद्दल एक ओळ लिहून आणा. बंद पाकिटात. वाटेत फोडायचं नाही.