पहारेकरी नसलेला महाल

फ्रेमवाल्याने ब्लेडच्या टोकाने माशीचा डाग खरवडला आणि त्यासरशी पहारेकऱ्याचं डोकंही उडालं.

चित्र जुनं, छापील. मधोमध राजाचा महाल. दोन्ही बाजूंना सारखे खांब, सारखी झाडं, सारखी कारंजी आणि फाटकाशी एकेक पहारेकरी. बाईंनी ते फ्रेम करायला देताना तीनदा बजावलं होतं, वडिलांची आठवण आहे, जपून. डागाबद्दल त्या चकार शब्द बोलल्या नव्हत्या. तो आगाऊपणा फ्रेमवाल्याचा.

बिनडोक्याचा पहारेकरी बरा दिसेना, म्हणून त्याने उरलेलं धडही अलगद खरवडलं. तेव्हा उजवीकडचा एकटाच डोळ्यांत खुपू लागला. नाइलाजाने त्यालाही रजा दिली. पण दोघांच्या सावल्या जमिनीवर तशाच पडून राहिल्या. त्या काढता काढता डावीकडच्या कारंज्याचा काठ गेला, मग उजवीकडचाही घालवावा लागला.

दुपारी डबा घेऊन आलेल्या बायकोने चित्र निरखून पाहिलं.

"राजेसाहेब घर सोडून गेले वाटतं," ती म्हणाली.

त्याने डबा न उघडताच बाजूला ठेवला. बाई आल्या की सगळं कबूल करायचं, असं त्याने ठरवलं. बायको घरी न जाता तिथेच स्टूल ओढून बसली.

तासाभराने बाई आल्या त्या धाकट्या भावाला घेऊन. दोघांची तोंडं दोन दिशांना. चित्र कोणाचं यावरून महिनाभर धुसफूस चालली होती आणि आज तोडगा निघाला होता. दोन्ही बाजू सारख्याच आहेत, तेव्हा मधोमध कापून दोन फ्रेमा करा, असं बाईंनी सांगितलं. भावाने पिशवीतून फूटपट्टीही काढली. ज्यासाठी एवढे भांडले, त्या चित्राकडे मात्र दोघांनीही धड पाहिलं नाही.

फ्रेमवाला कबुलीजबाब विसरला.

"कापायचं? अहो, जुन्या वस्तूला नुसतं बोट लावतानाही माणसाचा हात थरथरायला हवा."

बायकोला जोराचा ठसका लागला.

बहीणभाऊ मान खाली घालून उभे राहिले. मग भावानेच सुचवलं, सहा महिने ताईकडे, सहा महिने आपल्याकडे. बाईंनी रुमालाने डोळे पुसले. आता खरं सांगून टाकावं म्हणून फ्रेमवाल्याने तोंड उघडलं, पण बाईच आधी बोलल्या.

"तुमच्यासारखा कळकळीचा माणूस शोधून सापडायचा नाही. वडिलांची आणखी अकरा चित्रं आहेत माळ्यावर. उद्या सगळी आणून देते. तुम्हाला योग्य वाटेल तसं करा."