तरवडाच्या पाल्याने राखिलेल्या बाजरीची हकीकत

श्रीगणेशास नमन, शिवेवरच्या म्हसोबास नमन, आणि वरुणरायास दुरूनच नमन, कारण त्यांचा स्वभाव हल्ली भरवशाचा राहिला नाही. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, ज्येष्ठ मास. माळरानाचे एक राज्य होते, त्याचे नाव सांगण्याची आज्ञा नाही. तेथे रीत ऐसी की मृग निघताच पाटलांची पेरणीची पाभर पूजा होऊन बाहेर पडावी, आणि तिच्या मागोमाग अवघ्या रयतेने पेरते व्हावे, आणि जो मागे राहील त्यास गावाने वर्षभर हसावे. त्या राज्यात तानकाबाई खेमनर मुरमाड तुकडा कसून सासू ठकूबाई व दोन लेकरे यांचा सांभाळ करीत होत्या. मागील दुष्काळात घरचे धान्य सरले, आणि आढ्यास टांगिलेल्या भोपळ्यात राखेत घोळलेले बाजरी-तुरीचे बियाणे तेवढे उरले. ते मातीत वाया गेले तर चुलीवर काय ठेवावे, ही एकच धास्ती.

मृग जरासा शिंपडला आणि पाटलांची स्वारी निघाली. तानकाबाईंनी मात्र सरकारातून गावी येणाऱ्या कृषी-सहायक बाईंची, पुरती ओल पाहूनच पेरावे ही मसलत स्मरोन मातीत हात घातला, तो ओल बोटभरही नाही. मग सासूबाई कोपायमान जाहल्या.

"अगं, गाव पेरून मोकळं झालं अन् तू हात हालवीत माघारी? हसत्याल लोक!"

"हसू द्या आत्याबाई. वीतभर ओल लागंस्तवर ह्यो भोपळा खाली यायचा न्हाय."

मग वरुणराय रुसोन गेले, आणि गावाचे कोंब करपले, आणि आर्द्रा सरता सरता त्यांची स्वारी खरीच आली. मग तानकाबाईंनी पाणी वाहोन न जाता मुरावे म्हणोन उतारास आडवी पाभर धरोन, बाजरीत तुरीच्या ओळी घालोन पेरणी सिद्धीस नेली. पुढे ओल टिकावी म्हणोन ओळींमधील माती झाकावी, हीही मसलत सहायक बाईंचीच. परंतु कशाने झाकावी हे पुसावयाचे राहिले, आणि तानकाबाईंनी घरचा कडबा अंथरिला. दुसरे दिवशी पाटलांची गुरे फौज बांधोन चालून आली, आणि कडब्याचा फडशा पाडोन जाता जाता बाजरीची एक कड खाऊन गेली. तानकाबाई बांधावर बसोन हमसून हमसून रडल्या. तेव्हा ठकूबाई काठी टेकीत आल्या.

"रडती कशाला? माळावर तरवड मायंदाळ हाय. शेरडूबी तोंड लावीत न्हाय त्याला. ऊठ, कोयता घे."

मग सासूसुनांनी तरवडाचा पाला कापोन रान झाकिले, आणि पाटील ओशाळून गाडी घेऊन आले व पाला वाहू लागले. पुढे श्रावणात मोठी उघडीप पडली, गावची दुबार पेरणी माना टाकू लागली, आणि पाल्याखाली ओल धरोन तानकाबाईंची बाजरी उभी राहिली. कणसे भरली, मागाहून तूर आली, लेकरे दोन वेळ पोटभर जेवली. मग गाव बियाण्यास दाराशी आले आणि ठकूबाईंनी शेराशेराने सर्वांस दिले.

पुढील मृगी पाटलांची पाभर पूजा होऊन निघाली, तो वेशीवर ठकूबाई काठी आडवी धरोन उभ्या.

"हात घाला मातीत, पाटील."

पाटलांनी हात घातला, आणि बाहेर काढोन झटकिला.

"न्हाय, म्हातारे. अजून न्हाय."

मग अवघे गाव पाभरी घेऊन माघारी फिरले, आणि कोणी कोणास हसले नाही.

ऐसे हे वर्तमान. वरुणराय अद्यापि मन मानेल तैसे येतात. तानकाबाईंच्या आढ्यास मात्र आता दोन भोपळे आहेत, आणि दोन्ही भरलेले आहेत.