फादर सांतानचं मडकं

एका जंगलात, बाळांनो, अस्वलांचा एक मठ होता. अंगभर काळा झगा आणि छातीवर पांढरा पट्टा अस्वलांना जन्मतःच असतो, त्यामुळे शिंप्याची गरज कधी पडली नाही. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन अशी तीन व्रतं त्यांनी घेतली होती. मधाबद्दल व्रतात काही म्हटलेलं नव्हतं, म्हणून मठ टिकून होता.

मठ स्थापन केला फादर सांताननी. ते केव्हाच देवाघरी गेले होते. मागे त्यांनी एक मडकं ठेवलं आणि एक नियम. दारात येईल त्याला रोज दुपारी या मडक्यातली गरम पेज द्यावी. आणि हे मडकं फुटेपर्यंत दुसरं घेऊ नये, नाहीतर दारिद्र्याचं व्रत मोडतं.

पेज शिजवायचं काम ब्रदर कैतानकडे होतं. स्वभावाने गरीब, पण पेजेच्या बाबतीत भारी हट्टी. दारात लंगडा कोल्हा यायचा, एक म्हातारं साळिंदर यायचं, आणि ससे तर घर आपलंच समजून यायचे. त्यांची पोटं भरल्याशिवाय कैतानला घास गिळवत नसे.

एके वर्षी मठाचे मुख्य फादर रोमाल्द यांच्या मनाने घेतलं की संघाचा इतिहास आणि वारसा जपायला हवा. झालं, संगमरवरी संग्रहालय उभं राहिलं. त्यात दारिद्र्याचं दालन सगळ्यात मोठं. फक्त मांडायला काही नव्हतं, कारण फादर सांताननी आयुष्यभर काही जमवलंच नव्हतं. एक दगड सापडला. 'यावर ते बहुधा बसले असावेत' असं त्याखाली लिहिलं. शेवटी सगळ्यांचे डोळे मडक्याकडे वळले.

मडकं काचेत गेलं. वर दिवा लागला, खाली पाटी लागली: 'या मडक्याने कोणाला उपाशी पाठवलं नाही. कृपया हात लावू नये.' हत्ती बिशपांनी फीत कापली. त्यांचं भाषण ऐकून सगळे गहिवरले.

दुसऱ्या दिवशी दुपारी नेहमीची मंडळी दारात आली. कैतान नवं मडकं मागायला गेला, तेव्हा फादर रोमाल्दांनी त्याला नियमाची आठवण करून दिली. पहिलं अजून फुटलेलं नाही. उलट आता ते कधीच फुटू नये अशी उत्तम व्यवस्था झाली आहे. मात्र उपाशी आलेल्यांनी संग्रहालय जरूर पाहावं, असं ते प्रेमाने म्हणाले. मंडळींनी पाहिलं. ससे काच चाटू लागले.

कैतानला फादरांचा राग आला, स्वतःचाही आला. तो तडक कुमसाराला, म्हणजे पापांची कबुली द्यायला गेला. जाळीपलीकडे फादर रोमाल्दच बसले होते.

"फादर, मी मडकं फोडलं."

"कधी?" फादर दचकले.

"आता, इथून गेल्यावर."

"अरे, जे पाप झालंच नाही त्याची क्षमा मी कशी देऊ?"

"क्षमा सावकाश द्या, फादर. पण इथे ऐकलेलं तुम्हाला बाहेर सांगता येत नाही, आणि त्यावरून कुणाला अडवताही येत नाही. खरं ना?"

फादर रोमाल्द नियमाचे पक्के. ते जपमाळ ओढत तिथेच बसून राहिले. तिकडे आधी काच फुटली, मग मडकं फुटलं.

मग नियमाप्रमाणे नवं मडकं आणावंच लागलं. पहिली पेज वाढताना कैतानला रडू आलं. सशांनी विचारलं, तेव्हा त्याने वाफेवर ढकललं.

फादर रोमाल्दांना खरं लिहिता येईना. त्यांनी खापऱ्या काचेत मांडल्या आणि खाली लिहिलं, 'सेवा करता करता फुटलेलं मडकं.' संग्रहालयात गर्दी मावेनाशी झाली. अख्खं मडकं काय, कुणाच्याही घरी असतं. बिशप दुसऱ्यांदा आले आणि पहिल्यापेक्षा जास्त रडले.

तात्पर्य: वारसा जपायचा असेल तर तो वेळीच फोडावा. कुमसार मात्र आधी उरकून घ्यावं.